लाठीमाराचा हिशेब मतपेटीत होतो का?

कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरलं होतं. पोलिसांनी उचललं, हॉलमध्ये बसवलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. ही अटक धरायची का? मला पासपोर्ट काढायचा आहे. (लातूर)

नुसतं बसवून सोडलं असेल, तर बहुधा नाही. सूचना न मानणाऱ्याला जागेवरून हलवण्याचा अधिकार पोलिसांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 68-69 ने दिला आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 172 मध्येही तशीच तरतूद आहे. त्यात किरकोळ प्रकरणात 24 तासांच्या आत सोडावं लागतं.

पासपोर्टच्या वेळी आडवा येतो तो गुन्हा. सगळे घरी गेल्यावर रात्री एफआयआर लिहिला जातो : अमुक, तमुक आणि ‘इतर 30 ते 40 इसम’. त्या इतरांत आपण आहोत हे अनेकांना समन्स आल्यावरच कळतं. म्हणून पुढच्या एक-दोन दिवसांत पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर तुमच्या ठाण्याचे एफआयआर उघडून बघा. पोलीस अधिनियमाचं 37(1)(3) सह 135 (जमावबंदी मोडणं) किंवा न्याय संहितेचं 223 (सरकारी हुकूम न मानणं, जुनं 188) दिसलं तर घाबरू नका, पण अर्जात लपवूही नका. खटला चालू असला तरी कोर्टाच्या परवानगीने पासपोर्ट मिळतो. माहिती दडवली तर मात्र अडकतो.

प्रत्येक वेळी मंत्री म्हणतात, ‘लाठीमाराचा आदेश मी दिला नाही.’ मग देतं कोण? (जालना)

कायद्याने मंत्री खरं बोलतात. जमाव पांगवण्याचा आदेश द्यायचा तो कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने, आणि हा अधिकारी जागेवर नसेल तर किमान उपनिरीक्षकाने. आधी पांगण्याचा हुकूम, तो मानला नाही तरच बळ.

पण ग्यानबाची मेख पुढे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 151 नुसार, जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसांवर खटला भरायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते. लाठी ज्या सरकारच्या पोलिसांची, फाईलही त्याच सरकारच्या टेबलावर. मंत्र्याला ‘आदेश दिला होता का?’ असं विचारण्यापेक्षा ‘मंजुरीच्या फाईलवर काय शेरा मारला?’ असं विचारा.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 ला राज्य राखीव दलाने गोळीबार केला, 10 जण गेले. चौकशी आयोगाने जबाबदारी निश्चित केली, तरी गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत 2009 उजाडलं. तेवढ्या काळात राज्यात विधानसभेच्या दोन निवडणुका होऊन गेल्या.

तुमच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत 1 सप्टेंबर 2023 ला लाठीमार झाला. काही दिवसांत गृहमंत्र्यांनी माफी मागितली, पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर धाडलं. त्यातून राग थोडा निवळतो, पण कुणी काय केलं हे त्यातून नोंदलं जात नाही.

डोक्याला मार लागलाय. तक्रार कुठे करू? (नाशिक)

आधी सरकारी दवाखाना. एमएलसी (पोलीस प्रकरणातल्या जखमेची वैद्यकीय नोंद) करायला सांगा आणि ‘पोलिसांनी काठीने मारलं’ हे वाक्य केसपेपरवर तसंच उतरवून घ्या. ‘पडून दुखापत’ लिहिलं गेलं की पुढची लढाई दुप्पट अवघड. मग राज्य मानवी हक्क आयोग (मुदत एक वर्ष) आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण शक्यतो 18 महिने, निदान एक वर्ष ठेवावं असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या भरवशावर राहू नका, त्याच आठवड्यात लेखी मागणी टाका.

लोक खरंच मतातून शिक्षा देतात, की चार महिन्यांत विसरतात? (पुणे)

दोन्ही घडलंय. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत गोळीबार झाले, शंभरावर माणसं गेली. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला झोडपलं; खुद्द यशवंतराव चव्हाण कराडमधून जेमतेम निवडून आले. तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने विरोधकांना एका झेंड्याखाली आणलं होतं आणि मागणीही एकच होती, म्हणून संतापाची मतं फुटली नाहीत.

याउलट मावळ. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात 9 ऑगस्ट 2011 ला एक्स्प्रेसवेवर गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. 2014 ला मावळची जागा भाजपने राखली, 2019 ला तीच राष्ट्रवादीने जिंकली. आठ वर्षांत उमेदवार, जातीची गणितं, स्थानिक नाराजी, सगळं बदललं होतं. जालन्यात 2024 च्या लोकसभेला भाजपचे रावसाहेब दानवे पडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्याने महायुतीला भरघोस बहुमत दिलं. एकट्या लाठीमाराला याचं श्रेय किंवा दोष देणारा विश्लेषक मला तरी भंपक वाटतो. मताला कारण चिकटवता येत नाही. कांदा, आरक्षण, लाडकी बहीण, लाठी, सगळं एकाच बटणात जातं.

म्हणून मी आमदारांच्या मागे अधिवेशनात लागा म्हणतो. चौकशी आयोग कायदा, 1952 नुसार अहवाल सादर झाल्यावर सहा महिन्यांच्या आत कृती अहवालासह सभागृहापुढे ठेवायचा असतो. ‘आपल्या भागातल्या गोळीबाराचा अहवाल पटलावर आला का?’ हे तुमच्या आमदाराला पत्राने विचारा, उत्तराची प्रत जपून ठेवा आणि प्रचाराला दारात येईल तेव्हा ती पुढे करा.

आमच्या उमेदवारावर 14 गुन्हे आहेत. तो म्हणतो सगळे आंदोलनाचे. खरं मानू? (सांगली)

उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र (नमुना 26) वाचा. जमावबंदी, रास्ता रोको, 223 असेल तर तो खरं बोलतोय. खंडणी, फसवणूक, विनयभंग असेल तर त्यात आंदोलन कुठलं? आणि ‘सरकार आलं की तुमचेही गुन्हे मागे घेतो’ म्हणाला, तर त्याला सांगा की त्यासाठी सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने संमती द्यावी लागते. त्याच्या हातात ते नाही.