आधी तेल, मग चावी

चिरंजीव,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. मुंबईच्या एका जुन्या पेढीच्या तिजोरीत वीस वर्षं पडून राहिलेलं ओमेगा स्पीडमास्टर घड्याळ. झाकणावरचा स्टिकर तसाच, एकदाही कुणाच्या मनगटावर गेलेलं नाही. आणि तुला घोर कशाचा, तर झाकण उघडलं की त्याचं कोरेपण जाईल! शिरोलीत दिवसभर सीएनसीवर मायक्रॉन मोजणाऱ्या पोराला हा प्रश्न पडावा?

घड्याळ घे. चांगलंच आहे. पण आधी तेल, मग चावी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर उद्यमनगरात आम्ही लेथ कधी थेट चालू केला नाही. आधी ऑइलकॅन फिरायचा, मग हाताने स्पिंडल फिरवून बघायचो, आणि नंतर बटण. पाच दिवसांच्या सुट्टीला एवढं, आणि वीस वर्षं निजलेल्या यंत्राला तू हौसेने चावी देणार?

तुझ्या त्या घड्याळातल्या 1861 नावाच्या यंत्रात 18 खडे आहेत. चाकांच्या आसांची केसाएवढी टोकं अशा खड्यांत फिरतात, आणि त्यांना तेलाचा जेमतेम ठिपका असतो. इतक्या वर्षांत ते तेल घट्ट होतं, नाहीतर जागा सोडून कडेला सरकतं. तासाला 21,600 ठोके, म्हणजे दिवसाला 5 लाख 18 हजार 400. हे सगळं कोरड्यात. आणि तरी ते चालतं! पहिले दिवस झकास चालतं, म्हणूनच माणूस फसतो. दुकानदार मशीनवर लावून दिवसाला किती सेकंद पुढे-मागे ते दाखवेल. तू अँप्लिट्यूड विचार, म्हणजे आतलं झुलतं चाक मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतं ते. पूर्ण चावीवर 270 अंशांच्या आसपास हवं. 200 च्या खाली असेल तर ते धापा टाकतंय असं समज.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे वडील शाहू मिलमधून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना एचएमटी जनता दिलं होतं. त्यांनी ते कधी घातलं नाही. धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. ते गेल्यावर मी ते काढलं, चावी दिली, आणि टिकटिक ऐकून रडलो. चौदा महिने रोज घातलं. मग ते मागे पडायला लागलं. घड्याळजीने झाकण काढून भिंग माझ्या हातात दिलं. एका खड्याभोवती विटकरी रंगाची पूड साचली होती, ओल्या कुंकवासारखी. ते झिजलेलं पोलाद होतं. वडिलांनी जपलेलं मी चौदा महिन्यांत खाऊन टाकलं होतं, तेही प्रेमाने.

दुसऱ्या जनताचं चाक काढून बसवलं. त्या खर्चात तशी चार घड्याळं आली असती. भाऊ अजून म्हणतो, वेडेपणा केलास. म्हणू दे. ते घड्याळ आज माझ्या हातात आहे, आणि दर चार-पाच वर्षांनी मी ते उघडून घेतो. यात मी चुकलो असं मला कुणीही पटवून देऊ शकणार नाही.

तू म्हणतोस, स्टिकरसकट ठेवलं तर किंमत जास्त येते. मग विकायलाच घेतोयस का? तसं असेल तर मला विचारू नकोस, मला त्या धंद्यातलं काही कळत नाही. घालायचं असेल तर आधी तेल. क्रोनोग्राफ आहे, म्हणजे आत स्टॉपवॉचही आहे, सर्व्हिसिंगचा खर्च पाच आकडी येईल. तो आत्ताच सांगून किमतीतून वजा करून घे. झाकणाखालचं रबरही बदलायला सांग. कागदावर 50 मीटर असलं तरी कडक झालेलं रबर पाणी अडवत नाही. वॉरंटी कार्डावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी जुळवून बघ. एवढं झालं की बिनधास्त घाल, ओरखडे पडू देत.

घड्याळ घेऊन रविवारी ये. पट्टा आवळू नकोस, बटणाला हात लावू नकोस, डबीतच आण. पापाच्या तिकटीजवळ माझा घड्याळजी बसतो, सकाळी दहाला दुकान उघडतो. तुला ते जुनं चाकही दाखवीन. मी ते काडेपेटीत कापसावर ठेवलंय. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, भिंग लावून बघ.

तुझा,
काका