लोखंडी शेड उभी करताना कामगारांना कोणता सेफ्टी बेल्ट द्यावा?

तुमची शेड २४ मीटर रुंदीची आहे आणि प्रश्न बेल्टचा आहे. कमरेचा पट्टा आणूच नका. आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांदे आणि मांड्याही धरणारा पट्टा घ्या, दोन हुकांचा, म्हणजे एक काढून पुढे लावताना दुसरा अडकलेला राहतो. बेल्टचं एवढंच.

पण तो हुक अडकवायचा कशाला, हे तुम्ही विचारलं नाही, आणि मला बोलायचंय ते त्यावर.

जालन्याजवळ एका शेडवर मी फोरमन होतो. वैशाखाचे दिवस. दुपारपर्यंत दोन फ्रेम, म्हणजे कॉलम आणि त्यांवरचा छताचा तुळवा, राफ्टर, उभ्या झाल्या. मधे चार पर्लिन, म्हणजे फ्रेमना जोडणाऱ्या, पत्रे धरणाऱ्या आडव्या पट्ट्या, त्याही एकेका बोल्टवर. ब्रेसिंगचे, म्हणजे फ्रेम आडव्या हलू नयेत म्हणून तिरके ताणायचे रॉड खाली बंडलातच पडलेले. मी साईट इंजिनिअरला म्हणालो, "साहेब, आधी दोन फ्रेममधला हा गाळा पक्का करू. ब्रेसिंग ताणू, ओळंबा बघू, मग तिसरी फ्रेम." ते म्हणाले, "क्रेन तासावर आहे. ब्रेसिंग संध्याकाळी मारा. बेल्ट लावलेत ना सगळ्यांनी?" गुत्तेदारानं मान हलवली. मीही गप्प बसलो. ते गप्प बसणं मला आजही खातं.

तिसरी फ्रेम चढली, दोन पर्लिन लागल्या, क्रेन सोडली. तीनच्या सुमारास वारं सुटलं. राफ्टर वरच्या वजनाला दणकट असतो, पण आडव्या अंगानं त्याला कुणी धरलेलं नसेल तर पिळतो. तो पिळला आणि पर्लिनचे बोल्ट तोडत खाली आला. त्यावर बीडकडचा एक खलाशी, म्हणजे लोखंड चढवणारा कामगार होता. हार्नेस अंगावर, हुक राफ्टरलाच. लोखंडासोबत तोही आला. खुबा मोडला. अजून काठीशिवाय चालता येत नाही त्याला.

अहवालात काय लिहिलं? 'कामगाराने हुक योग्य जागी अडकवला नाही.' त्या दिवशी वर योग्य जागा होती कुठे? नंतर तेच साहेब मला म्हणाले, आपल्याकडे याचे नियमच नाहीत. लोखंडी सांगाड्याच्या उभारणीची सुरक्षा संहिता, आयएस ७२०५, १९७४ सालची आहे. बांधकाम कामगारांचा कायदाही १९९६ सालीच झाला होता.

तेव्हा तुम्ही सुरुवात ब्रेसिंगच्या गाळ्यापासूनच करा. तो पूर्ण बोल्ट करून, ओळंब्यात आणून, ब्रेसिंग ताणून झाल्याशिवाय पुढची फ्रेम उचलायची नाही. कॉलमला चार अँकर बोल्ट हवेतच. राफ्टर दोन्ही बाजूंनी वायर रोपनं ताणून बांधल्याशिवाय क्रेनचा हुक सोडायचा नाही. तो रोप काळ्या मातीतल्या खुंट्याला बांधू नका, एका वळवाच्या पावसात ढिला होतो. काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधा. क्रेनच्या पायांखालीही जाड फळ्या घाला. ब्रेसिंगचा माल साईटवर उतरला नसेल तर कॉलमच उभा करू नका, मग गुत्तेदार कितीही ओरडो. क्रेनचं भाडं वाचवायचा हिशोब मला कुणी सांगू नये.

एक राहिलं. हुक पायाजवळ अडकवला तर दोरी, तिचा उलगडणारा शॉक ॲब्झॉर्बर आणि माणसाची उंची धरून खाली साडेपाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. तुमची शेड त्याहून बुटकी असेल तर माणूस बेल्टसकट जमिनीवर आपटेल. तिथे हुक डोक्याच्या वर लागेल अशी लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायचा ताणलेला दोर ओढा, नाहीतर बूम लिफ्ट, म्हणजे माणसाला पाळण्यातून वर नेणारं यंत्र, भाड्यानं आणा.