मनाचा दवाखाना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय 29) दोन वर्षांपासून बायपोलरसाठी (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार) लिथियम 300 मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा घेतो. तब्येत चांगली होती. मे महिन्यात शेतात काम करताना गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून आठवडाभर खाल्ल्या. आता हात थरथरतात, जुलाब होतात, चालताना झोक जातो. घरचे म्हणतात, वेडाच्या गोळ्या बंद करा. काय करावे? (एक वाचक, माजलगाव)

उत्तर : ही लिथियम अंगात साचल्याची लक्षणे आहेत. पुढचा डोस देऊ नका आणि आजच भावाला रुग्णालयात न्या, अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय असो की बीडचे जिल्हा रुग्णालय. बोलणे अडखळू लागले किंवा गुंगी आली, तर मिनिटभरही थांबू नका.

हे घडले कसे? लिथियम शरीराबाहेर जाते ते मूत्रपिंडातून. घामावाटे पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते, त्यासोबत लिथियमही. आपल्याकडच्या 42 अंशांच्या उन्हात एवढेच पुरेसे असते. त्यात आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी पडली की पातळी आणखी चढते. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असेच होते, म्हणून कोणताही डॉक्टर नवे औषध लिहीत असेल तर लिथियम चालू असल्याचे आधी सांगा.

रक्तातली लिथियमची पातळी साधारण 0.6 ते 1.0 (मिलीमोल प्रति लिटर) हवी, 1.5 च्या वर धोका. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचे : रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतर. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून बरेचदा लिथियम हेपॅरिनच (लिथियम असलेले रसायन) घातलेले असते. त्यात नमुना घेतला तर आकडा खोटा वाढतो. साधी लाल टोपणाची नळी मागून घ्या, लॅबवाले क्वचितच आपणहून सांगतात. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी दर सहा महिन्यांनी.

उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ अचानक कमी करू नये, निर्जळी उपवास टाळावा. उलट्या-जुलाब लागले तर डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

कायमचे बंद करण्याचा निर्णय मात्र घरात बसून घेऊ नका. लिथियम एकाएकी तोडले की उन्माद उसळून येतो. आताचे थांबवणे तात्पुरते. पातळी उतरल्यावर पुन्हा कधी आणि किती, ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. समुपदेशनाचा उपयोग आहेच : झोपेची वेळ पाळणे, आजार उलटण्याची पहिली खूण (बहुधा तीन-चार तासांच्या झोपेवरही उत्साह ओसंडणे) घरच्यांनी ओळखणे. गोळीची जागा ते घेत नाही.

प्रश्न : आईला नैराश्यासाठी एसिटालोप्राम सुरू होऊन दहा दिवस झाले. फरक नाही, उलट बेचैनी वाढली. (परभणी)

उत्तर : दहा दिवस फार थोडे. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ-बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. डॉक्टरांना कळवा, ते डोस जुळवतील. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने औषध चालते. याची नशेसारखी सवय लागत नाही. ती लागते झोपेसाठी सर्रास खाल्ल्या जाणाऱ्या अल्प्राझोलमची. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवत असल्या, तर एकटे सोडू नका आणि थेट रुग्णालयात न्या. 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर मराठीत बोलता येते.