नाव विचित्र, हिशेब पक्का

प्रश्न : भाचीने अमेरिकेहून बेसबॉलची टोपी पाठवली. तिच्यावर कचऱ्याच्या डब्याच्या रॉकेटमधून उडणारा रकून आहे आणि संघाचं नाव 'रॉकेट सिटी ट्रॅश पांडाज'. हा खरा संघ आहे की कुणाची थट्टा? (वाचक, पुणे)

उत्तर : अगदी खरा. अलाबामात हंट्सव्हिलला लागून मॅडिसन आहे, तिथला हा डबल-ए पातळीचा (मेजर लीग या सर्वोच्च लीगच्या दोन पायऱ्या खालचा), 'एंजल्स' या मेजर लीग क्लबशी संलग्न संघ. मेजर लीगच्या ३० क्लबांना प्रत्येकी चार, असे १२० संलग्न संघ २०२१पासून आहेत. खेळाडूंचा पगार वरचा क्लब देतो आणि कुणाला कधी बढती द्यायची तेही तोच ठरवतो. जूनमध्ये गाजलेला पिचर (चेंडू फेकणारा) जुलैत दुसऱ्याच गावी खेळत असतो. स्थानिक मालकाच्या हाती उरतं काय? तिकिटं, खाणंपिणं, मैदानावरच्या जाहिराती आणि नाव. खेळाडूच्या जोरावर जर्सी खपत नाही, मग नावाच्या जोरावर खपवायची.

हंट्सव्हिलमध्ये नासाचं मार्शल केंद्र आहे. सॅटर्न-५ रॉकेट तिथंच आकाराला आलं. २०१८मध्ये लोकांकडून नावं मागवली, तेव्हा शेवटच्या पाचांत 'पफी हेड बर्ड लेग्ज' हेही होतं. वजनरहित अवस्थेत शरीरातलं पाणी वर सरकतं, चेहरा सुजतो आणि पाय काटकुळे दिसतात, त्यावरून आलेलं. रॉकेटवाल्यांच्या गावात हे समजावून सांगावं लागत नाही. जिंकला मात्र 'ट्रॅश पांडा', म्हणजे कचराकुंडीचं कसलंही झाकण उघडणारा रकून. कोविडमुळे २०२०चा हंगाम बुडाला, पहिला सामना २०२१मध्ये झाला. टोप्या त्याच्या कितीतरी आधीपासून विकल्या जात होत्या.

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनजवळ राहतो. इथल्या संघाचं नाव 'लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज'. लोखंडी डुकरं? मुलांना काय सांगायचं?

उत्तर : शेजारच्या बेथलेहेम गावातल्या बंद पडलेल्या 'बेथलेहेम स्टील' कारखान्याची भट्टी दाखवा, तिथंच उत्तर आहे. वितळलेलं लोखंड पूर्वी वाळूतल्या एका मोठ्या चरात सोडत आणि तिथून ते दोन्ही बाजूंच्या छोट्या साच्यांत जाई. वरून पाहिलं की डुकरीण पडली आहे आणि पिल्लं ओळीनं लुचताहेत असं दिसे, म्हणून त्या कच्च्या लोखंडाला 'पिग आयर्न' म्हणतात. बेथलेहेमच्या भट्ट्या १९९५मध्ये विझल्या, संघ आला २००८मध्ये. कारखाना गेलेल्या गावाला आपली ओळख टोपीवर परत मिळाली. मॅस्कॉटचं (संघाच्या शुभंकराचं) नावही लोहावरूनच : 'फेरस'.

पण आधी ते 'पोर्कचॉप' जाहीर झालं होतं. पोर्तो रिकोहून आलेल्यांना हिणवायला हा शब्द वापरला जात असे आणि ॲलनटाउनात त्यांची वस्ती मोठी. तक्रारी आल्या, काही दिवसांतच नाव बदललं. गावातल्या प्रत्येक समाजातल्या दोन-चार जाणत्यांना आधी विचारलं असतं तर फुकटात निभावलं असतं.

प्रश्न : मी मुंबईत उपयोजित कला शिकते. असं नाव आणि बोधचिन्ह करायचं तर क्रम काय? कुठे फसतं?

उत्तर : आधी गावाची यादी करा : बंद पडलेले धंदे, खाणं, प्राणी, स्थानिक बोलीतले शब्द. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनच्या 'रम्बल पोनीज' संघाचे घोडे तिथल्या सहा जुन्या मेरी-गो-राउंडमधून आले. जोडे बनवणाऱ्या जॉर्ज एफ. जॉन्सनने ती गावाला दिली, बसायला पैसे घ्यायचे नाहीत या अटीवर. असं काही हाती लागलं की अर्धं काम झालं. नंतर लोकांकडून सूचना मागवा, पण नियमांत स्पष्ट लिहा की अंतिम निर्णय मालकाचा आणि सुचवलेल्या नावाचे हक्क संघाचे. हे मतदान नव्हे. निवडक पाचही नावं ट्रेडमार्कच्या नोंदींत तपासा : वर्ग २५ कपड्यांचा, वर्ग ४१ मनोरंजनाचा, दोन्ही लागतात. अमेरिकेत हे अर्ज कुणालाही पाहता येतात आणि चाहते त्यावर डोळा ठेवून असतात. अर्ज आणि जाहीर घोषणा यांत फार दिवस गेले की नाव फुटलंच.

बोधचिन्ह पडद्यावर नव्हे, टोपीवर तपासा. पुढच्या बाजूला उंची मिळते जेमतेम साडेपाच-सहा सेंटिमीटर. सहा फाकांच्या टोपीला बरोबर मध्ये शिवण असते. डोळा किंवा बारीक अक्षर तिच्यावर आलं की भरतकाम ओढलं जातं आणि प्राणी चकणा दिसतो. एक मिलिमीटरहून बारीक रेघ टाक्यांत नीट येत नाही, पाच मिलिमीटरहून लहान अक्षराची पोकळी बुजते. फोम घालून उठावदार भरत करायचं तर रेघ आणखी जाड हवी. रंगछटांचा मोह सोडा, दोऱ्याला त्या परवडत नाहीत. म्हणूनच या टोप्यांवरचे प्राणी जाड काळ्या कडेचे आणि मोठ्या डोळ्यांचे असतात.

प्रश्न : अशा नावांनी मैदान भरतं का?

उत्तर : एकट्या नावानं नाही. जॅक्सनव्हिलच्या 'सन्स'चं २०१७मध्ये 'जंबो श्रिम्प' झालं, तेव्हा विरोधात सह्यांची मोहीम निघाली. नव्या नावाच्या पहिल्याच हंगामात प्रेक्षक वाढले, पण स्वस्त तिकिटं आणि रोजचे नवनवे कार्यक्रमही जोडीला होते. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सचे 'झेफर्स' 'बेबी केक्स' झाले. मार्डी ग्रा या तिथल्या उत्सवाच्या केकमध्ये लपवतात त्या बाहुल्यावरून, म्हणजे गावाशी नातं पक्कं. तरी गर्दी जमली नाही. कॅन्ससमधल्या विचिटा शहराने नवं मैदान बांधून द्यायची तयारी दाखवली आणि २०१९चा हंगाम संपल्यावर संघ तिकडे गेला. नाव लोकांना एकदा दारापर्यंत आणतं; दुसऱ्यांदा येतात ते पार्किंग, स्वच्छतागृह आणि हॉटडॉगचा भाव पाहून.

प्रश्न : मग 'सिरॅक्यूज मेट्स'सारखी साधी नावं का?

उत्तर : तिथं मालक वरचा मेजर लीग क्लबच आहे. न्यूयॉर्क मेट्सने संघ विकत घेतला आणि २०१९पासून 'चीफ्स' हे जुनं नाव गेलं. तरी काही सामन्यांना हाच संघ 'सॉल्ट पोटॅटोज' म्हणून उतरतो. गावातल्या मिठागरांत आयरिश मजूर खाऱ्या पाण्यात छोटे बटाटे उकडून खात, त्यांचे हे बटाटे. त्या सामन्यांपुरती जर्सीही वेगळी आणि टोपीही.