कोड्यांचा कट्टा: परतीची खेप कोण करणार?

नदी ओलांडण्याच्या कोड्यांवर मागच्या अंकात लिहिल्यावर वाचकांनी स्वतः रचलेली कोडी पाठवली. त्यातल्या चौघांचे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (चेंदणी, ठाणे): लांडगा, शेळी आणि कोबीचं कोडं मुलांसाठी आपल्या खाडीवर आणलं. नावाडी, कुत्रा, मांजर आणि सुक्या बोंबलांची टोपली. सगळ्यांना कोळीवाड्याच्या काठावरून कळव्याला न्यायचं, होडीत नावाड्याबरोबर एकच मावतं. मुलं म्हणतात, हे सुटतच नाही. का?

उत्तर: मुलांचं बरोबर आहे, कारण कुत्राही बोंबील खातो! मूळ कोडं लॅटिनमध्ये असून ते साधारण इ. स. ८०० च्या सुमाराचं, यॉर्कच्या अल्क्विन या विद्वानाच्या नावावर सांगितलं जातं. त्यात लांडगा कोबीला तोंड लावत नाही, आणि सगळं कोडं त्या एका निरुपद्रवी जोडीवर उभं आहे. तुमच्या तिघांत तशी जोडीच नाही. पहिल्या खेपेला कोणालाही नेलं तरी काठावर उरलेल्या दोघांत एक दुसऱ्याला फाडणार किंवा फस्त करणार.

बोका, उंदीर आणि चिक्की घ्या. मांजरांना गोड चव कळत नाही, त्यामुळे बोका चिक्कीजवळ निवांत बसेल. आता ७ खेपा: उंदीर न्या, रिकामे या, बोका न्या आणि येताना उंदीर परत आणा, चिक्की न्या, रिकामे या, शेवटी उंदीर न्या. बोका आणि चिक्की यांची अदलाबदल केली तरी चालतं, म्हणून सर्वांत कमी खेपांची उत्तरं दोन. मुलांना एकूण मांडण्याही मोजायला लावा. चौघे, प्रत्येकाला दोन काठ, म्हणजे १६. त्यातल्या ६ धोक्याच्या, १० सुरक्षित. दहा सुरक्षित मांडण्यांचे दहा ठिपके काढून, एका खेपेत एकीतून दुसरीत जाता येतं तिथे रेघा जोडल्या की उत्तर कागदावर दिसतं. कुत्रा आणि बोंबील ठेवायचेच असतील, तर होडीत नावाड्याबरोबर दोन नग मावू द्या. मग ३ खेपांत काम होतं, पण कोड्यात फारसा दम राहत नाही.

प्रश्न (नेरूळ): आमच्या सोसायटीवर कोडं केलं: तीन कमिटी मेंबर, तीन थकबाकीदार, दोघांची लिफ्ट. कुठेही थकबाकीदार कमिटी मेंबरांपेक्षा जास्त झाले, तर मेन्टेनन्सवरून वाद पेटतो. सगळ्यांना गच्चीवर न्यायचं. मित्रांनी दोन मिनिटांत सोडवलं, मग यात अवघड काय?

उत्तर: लिफ्टमुळे कोडं संपलं. बटण दाबलं की ती रिकामी खाली येते, तुम्ही एकेक जोडी, एक मेंबर आणि एक थकबाकीदार, तीनदा वर पाठवली की झालं. होडी मात्र कोणीतरी वल्हवत परत आणावी लागते आणि या कोड्यांची सगळी गंमत त्या परतीत आहे. लिफ्टऐवजी भर पावसात गेटपासून विंगपर्यंत एकच छत्री द्या, तिच्याखाली दोघेच मावतात. छत्री आपोआप परत येत नाही.

आता ११ फेऱ्या लागतात. दोन थकबाकीदार विंगकडे, एक परत. पुन्हा दोन थकबाकीदार, एक परत. मग दोन मेंबर जातात आणि आता सहावी फेरी: एक मेंबर आणि एक थकबाकीदार, दोघेही परत. बहुतेकजण इथेच अडतात, कारण पोचलेल्यांना मागे आणणं जिवावर येतं. एकट्या मेंबरला परत पाठवलं तर विंगपाशी दोन थकबाकीदारांसमोर एकच मेंबर उरतो. पुढे दोन मेंबर जातात, एक थकबाकीदार छत्री आणतो, दोन थकबाकीदार जातात, पुन्हा एक येतो, शेवटी उरलेले दोघे. नियम मात्र स्पष्ट लिहा: जिथे एकही मेंबर नाही, तिथे थकबाकीदार कितीही चालतील. हे वाक्य राहिलं तर सोडवणारा पहिल्याच फेरीला हरकत घेईल, आणि ती योग्यच असेल.

प्रश्न (घोडबंदर रोड): कोजागिरी, वीज गेलेली, बॅटरी एकच, जिन्यात एका वेळी दोघे. नातवाला गच्चीपर्यंत १ मिनिट, आईला २, मामाला ५, आजीला १०. दोघे गेले तर वेळ संथ माणसाचा धरायचा; सगळे वर पोचायला कमीत कमी १७ मिनिटं. आईला गुडघेदुखी म्हणून २ चे ४ केले, तर माझी युक्ती २३ देते, मुलाचं उत्तर २१ येतं. कसं?

उत्तर: तुमची युक्ती म्हणजे संथ दोघांना एकत्र नेणं: नातू आणि आई वर, नातू खाली, मामा आणि आजी वर, आई खाली, नातू आणि आई वर. यात आई तीनदा जिना चढते-उतरते, म्हणून तिचा वेळ वाढला की तिप्पट फटका बसतो. मुलाने नातवालाच प्रत्येकाला सोडायला लावलं: ४ + १ + ५ + १ + १० = २१.

आधी हे तपासा: दुसऱ्या क्रमांकाच्या वेगवान माणसाच्या वेळेची दुप्पट, आणि पहिल्या व तिसऱ्याची बेरीज. आधी ४ विरुद्ध ६ होतं, म्हणून तुमची युक्ती जिंकली. आता ८ विरुद्ध ६. आईला ३ मिनिटं दिली तर दोन्ही बाजू ६ होतात आणि दोन्ही मार्गांनी २० येतात. कोडं रचताना ही बरोबरी टाळा, नाहीतर युक्ती शोधण्याचं बक्षीसच उरत नाही. शिवाय 'चढता-उतरता वेळ सारखाच' असं लिहा. जिना उतरायला कमी वेळ लागतो, हे कोणीतरी नक्की काढतं.

प्रश्न (ऐरोली): छत्रीच्या कोड्यात चार-चार माणसं घेता येतील का?

उत्तर: दोघांच्या छत्रीत नाही. जोडप्यांच्या जुन्या कोड्यात (नवरा जवळ नसताना बायको दुसऱ्या पुरुषाबरोबर नको), चार जोडपी आणि दोघांची होडी असताना, इटलीचा गणितज्ञ टार्टाग्लिया यानेही १६व्या शतकात उत्तर असल्याचं मांडलं होतं. ते चूक ठरलं. तिघांची छत्री द्या: चार-चार ९ फेऱ्यांत जातात, पाच-पाच ११ फेऱ्यांत. सहा-सहाला ती पुरत नाही, चौघांची लागते.