थीम बदलली तर पॅनेलही बदलेल का?

प्रश्न केडीई प्लाझ्माचा, म्हणजे लिनक्सवरच्या एका डेस्कटॉपचा आहे: ग्लोबल थीम (सगळं रूप एकदम बदलणारा संच) लावली तर नेमकं काय काय बदलतं?

थीम लावताना जी छोटी खिडकी येते तिथं घाई करू नका. ‘अपिअरन्स सेटिंग्ज’वर टिक असेल तर रंग, आयकॉन, कर्सर, खिडक्यांची चौकट हे बदलतं. ते परत फिरवणं सोपं. ‘डेस्कटॉप अँड विंडो लेआउट’ची टिक मात्र तुमची पॅनेलं (प्रोग्रामची बटणं असलेल्या पट्ट्या) आणि विजेट (घड्याळासारखी छोटी साधनं) काढून थीमची मांडणी बसवते.

खानापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका मराठीत, कन्नडात, कधी दोन्हींत. ऐन लग्नसराईत ही दुसरी टिक पडली आणि पॅनेलवर पिन केलेले सगळे प्रोग्राम गेले. कीबोर्डच्या भाषा शाबूत होत्या, कारण थीम त्यांना हात लावत नाही. पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ते सुचतंय कुठं?

म्हणून आधी होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.कॉन्फिग’ (.config) फोल्डरची कॉपी ठेवा; पॅनेलची मांडणी त्यातच साठवलेली असते.

माझं ठाम मत आहे, त्या टिकेखाली ‘तुमची आत्ताची पॅनेलं जातील’ असं सरळ, आपल्या भाषेत लिहिलेलं हवं. ‘लेआउट’ म्हटल्यावर आमच्याकडं लोकांना प्लॉटचा नकाशा आठवतो.