रुग्णालयातला डेटा : वाचकांचे प्रश्न

रुग्णालयाच्या संगणक प्रणालीतून काढलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये उघडली, नको ते रकाने उडवून जतन केली. आता आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) क्रमांकांच्या शेवटी नुसती शून्यं दिसतात. मूळ अंक परत मिळतील का?

त्या फाइलमधून नाही. आभा क्रमांक १४ अंकी. मधल्या आडव्या रेघा नसल्या की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि ११ पेक्षा जास्त अंकांची संख्या घातांकात दाखवतं. समजा, क्रमांक ९१२३४५६७८९०१२३ आहे. पडद्यावर तो ९.१२३४६ई+१३ असा दिसेल. इथवर काहीच बिघडलेलं नसतं. पण सीएसव्ही जतन करताना एक्सेल पडद्यावर दिसतं तेच लिहितं. फाइल पुन्हा उघडलीत की हाती येतं ९१२३४६००००००००. शेवटचे आठ अंक गेले, आणि ज्यांचे सुरुवातीचे अंक सारखे होते ते सगळे रुग्ण एकाच क्रमांकावर जमा झाले.

फाइल प्रणालीतून नव्यानं काढा आणि तिच्यावर डबल-क्लिक करू नका. रिकामी शीट उघडून ‘डेटा’ टॅबमधल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’नं आत घ्या आणि ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ निवडा. केसपेपर क्रमांकातली ००४५२१ मधली पुढची शून्यंही त्यानं वाचतात. पायथॉन वापरत असाल तर सगळे रकाने आधी मजकूर म्हणूनच वाचा; संख्या कुठल्या करायच्या ते नंतर आपण ठरवायचं.

आता त्याच जुन्या फाइलमधल्या तारखा बघा. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर ०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल न राहता ४ मार्च होतो. १३/०४/२०२४ मात्र मजकूरच राहतो, कारण तेरावा महिना नाही. म्हणून रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजायचं, उजवीकडच्या बिघडल्या आहेत. दुसरी खूण म्हणजे दाखल होण्याच्या आधीच घरी गेलेले रुग्ण. डिस्चार्जच्या तारखेतून भरतीची तारीख वजा करा आणि ऋण उत्तरं मोजा.

लॅबच्या निकालांत ‘<०.०१’, ‘नमुना हिमोलाइज्ड’ असा मजकूर येतो. सरासरी काढण्यासाठी या ओळी वगळल्या तर चालेल?

दोन्हींना एकच न्याय लावू नका. हिमोलाइज्ड नमुन्यातलं पोटॅशियम खोटं वाढलेलं असतं, कारण फुटलेल्या तांबड्या पेशींतून ते बाहेर येतं. तो आकडा विश्लेषणात नकोच, मात्र असे किती वगळले ते अहवालात लिहा. ही टिप्पणी बहुतेकदा शेऱ्याच्या वेगळ्या रकान्यात असते; तो रकाना न मागता नुसते आकडे आणले, तर खोटं पोटॅशियम खऱ्यात मिसळून जातं.

‘<०.०१’, म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याहून कमी, ही मात्र पक्की माहिती आहे. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) सर्वांत दबलेले रुग्ण, म्हणजे थायरॉइड बहुधा जोरात चालणारे, नेमके याच ओळींत असतात. त्या वगळल्या की सरासरी आपोआप वर सरकते. चिन्हाचा एक रकाना आणि आकड्याचा दुसरा ठेवा. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा निकाल, घ्या. निम्म्याहून कमी निकाल मर्यादेखाली असतील तर मध्यकाला धक्का लागत नाही.

एकक तपासल्याशिवाय दोन लॅबचे निकाल एकत्र करू नका. क्रिएटिनिन एकीकडे १.१ आणि दुसरीकडे ९७ दिसलं, तरी रुग्णाची किडनी तशीच आहे: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला ८८.४ नं गुणलं की मायक्रोमोल प्रति लिटर मिळतं.

छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल चाचणीत उत्तम चाललं, वॉर्डात मात्र खोटे इशारेच जास्त. चूक कुठे?

आधी प्रशिक्षण आणि चाचणीसाठी चित्रांची केलेली विभागणी बघा. चेस्ट-एक्स-रे-१४ या खुल्या संचात १,१२,१२० चित्रं आहेत, पण रुग्ण ३०,८०५. चित्रं सरसकट पिसून विभागली तर एकाच माणसाची छाती प्रशिक्षणात आणि चाचणीतही येते, आणि मॉडेल आजाराऐवजी माणूस ओळखायला शिकतं. विभागणी रुग्णागणिक करा. शिवाय खाटेशी नेलेल्या पोर्टेबल यंत्रावर मुळातच जास्त आजारी लोकांचे एक्स-रे निघतात. तिथे मॉडेल फुप्फुसाऐवजी यंत्राची खूण पकडू शकतं.

हे सगळं ठीक असलं तरी साधं गणित उरतंच. समजा, १००० रुग्णांत न्यूमोनियाचे २० आहेत आणि मॉडेलची संवेदनशीलता (आजारी ओळखण्याचं प्रमाण) व विशिष्टता (निरोगी ओळखण्याचं प्रमाण) दोन्ही ९० टक्के. २० पैकी १८ सापडतील. उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांवर खोटा इशारा. एकूण इशारे ११६, खरे १८. चाचणीच्या संचात निम्मे आजारी घेतले असतील तर हे तिथे दिसणारच नाही.

सांख्यिकीत एम.एस्सी. करतोय. रुग्णालयात काम करायचं तर आधी काय शिकू?

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. मशीन लर्निंग नंतर. आणि शक्य झालं तर आठवडाभर नोंदणी खिडकीशेजारी बसा. जन्मतारीख ठाऊक नसली की तिथे १ जानेवारी टाकतात, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

रुग्णाचं नाव काढलं, मोबाइल क्रमांकाचा हॅश (सूत्रानं काढलेला, उलटा न फिरवता येणारा संकेत) केला. आता डेटा बाहेरच्या संशोधकांना देता येईल?

नाही. भारतीय मोबाइल क्रमांक १० अंकी आणि ६ ते ९ नं सुरू होणारे, म्हणजे फार तर ४०० कोटी. तेवढ्या सगळ्यांचे हॅश साधा लॅपटॉपही एका दुपारात काढून जुळवतो. त्याऐवजी प्रत्येक रुग्णाला यादृच्छिक संकेतांक द्या आणि जोडतक्ता रुग्णालयातच, वेगळ्या जागी कुलूपबंद ठेवा. एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवा. तो आकडा सातच्या पटीत घेतलात तर वारही शाबूत राहतो. डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा प्रमाणित प्रकार) फाइलच्या शीर्षातून नाव काढलं तरी सोनोग्राफीच्या चित्रात ते अनेकदा वरच्या पट्टीत छापलेलंच असतं; ती पट्टी काळी करा. आणि हे सगळं नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्यावर.